आतल्या खोलीचं दार

मैत्रिणींनो, आमटी खारट झाली तर आपण लगेच कारण शोधतो. पण संगणक अडला की हात पुसून बाजूला होतो, 'ते यांचं काम' म्हणून. गेल्या एप्रिलपर्यंत मीही त्यातलीच!

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलांचे गुण ज्या प्रोग्रॅममधून पाठवायचे, तो जुना. विंडोज ७ वरच चालणारा. घरचा जुना संगणक बिघडला, तेव्हा भाच्याने नव्या लॅपटॉपमध्येच व्हर्च्युअलबॉक्स घालून एक व्हर्च्युअल मशीन करून दिलं. म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. जुन्या यंत्राचे इंटरनेटचे आकडे माझ्या वहीत होते. ते मीच हौसेनं त्यात भरले.

गुण पाठवायचा शेवटचा दिवस उजाडला. लॅपटॉपवर इंटरनेट छान चालू, आतल्या मशीनमध्ये मात्र शुकशुकाट! हे दौऱ्यावर. सासूबाई म्हणाल्या, "उद्या तो आला की बघेल." पण उद्या काय उपयोग? आदल्या वर्षी उशीर झाला, तेव्हा मोठ्या बाईंनी सर्वांदेखत ऐकवलं होतं, "घर सांभाळून झेपत नसेल तर सांगा." ते मनात सलत होतं.

भाच्याला फोन लावला. म्हणाला, "मामी, घाबरू नकोस. आतून बाहेर एकेक पायरी तपास."

पहिली पायरी, यंत्राचा स्वतःचा पत्ता. 'आयपीकॉन्फिग' लिहिल्यावर दिसला १९२.१६८.१.२०. दुसरी, गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार. तिथे होतं १९२.१६८.१.१, आमच्या राउटरचा पत्ता. त्याला 'पिंग' करून हाक मारली, उत्तर नाही.

"सापडलं!" भाचा ओरडला. आतलं मशीन 'नॅट' पद्धतीनं बसवलेलं होतं. ही पद्धत पोटभाडेकरूसारखी. त्याची पत्रं घरमालकाच्या नावानं बाहेर जातात आणि उत्तर आलं की मालक ते आत पोहोचवतो. त्या आतल्या खोलीचं दार वेगळं, १०.०.२.२. मी मात्र तिला वाड्याच्या फाटकाचा पत्ता देऊन बसले होते. फाटकापर्यंत ती पोहोचणार कशी?

हातानं भरलेले आकडे काढून 'पत्ता आपोआप घ्या' अशी खूण केली. मशीनला नवा पत्ता मिळाला, १०.०.२.१५. दाराला हाक मारली, उत्तर आलं. मग बाहेरच्या ८.८.८.८ ला, तिथूनही आलं. शेवटी एका संकेतस्थळाला नावानं हाक मारली, तेही बोललं. आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, असं झालं तर रस्ता ठीक असतो. दोष नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये.

एक सावधगिरी मात्र सांगते. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली. म्हणून काम झालं की मी त्या मशीनचं इंटरनेट बंद करते, गॅसचं बटण बंद करावं तसं.

सहाच्या आत गुण गेले. सासूबाईंनी चहाचा कप आणून ठेवला. "झालं का गं? कोण आलं होतं दुरुस्तीला?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मीच."