कुवत, अखत्यार, अंमल

अंबड तालुक्यातल्या जुन्या दस्तांचं मराठी करून देणं हा माझा उद्योग. 1948च्या सप्टेंबरपर्यंत इथे निजामाचा अंमल. 1884च्या सुमारास फारसी मागे पडून उर्दू दरबारी भाषा झाली, म्हणून महसुलाचे कागद उर्दूत आणि गावकीचे बरेच मोडीत. 2023मध्ये तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण झालं, कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि ट्रंकांच्या तळाशी दडपलेले कागद भराभर वर आले.

त्यात नावं आणि आकडे फारसे छळत नाहीत. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन जवळपास हाती येतं. छळतात ते बळाचे आणि सत्तेचे शब्द, कारण ते ओळखीचे वाटतात. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द सासरी रुळलेल्या मुलीसारखे मराठीत नांदले आणि इथल्या रीतीचे झाले. ‘कुव्वत’ म्हणजे बळ, मग ते मनगटाचं असो की राज्याचं. आपली ‘कुवत’ मात्र ऐपतीकडे झुकलेली. ‘कुवतीप्रमाणे द्या’ म्हणताना आपण बळापेक्षा मर्यादाच सांगत असतो. पंचनाम्यातला ‘मोतबर’ साक्षीदार म्हणजे भरवशाचा माणूस. त्याला मराठीत ‘मातब्बर’ केलं, की गरीब पण खरं बोलणारा पंच एकदम वाड्याचा धनी होतो.

सगळ्यात अवघड ‘अमल’. मुळात त्याचा अर्थ कृती. हुकुमाप्रमाणे ‘अमल’ झाला, याचा अर्थ हुकूम बजावला गेला, एवढाच. मराठीत त्याचा ‘अंमल’ झाला, म्हणजे राज्यही आणि नशाही. सत्ता चढते हे आपल्या भाषेने कधीच हेरून ठेवलंय. पण कागद वाचताना हे शहाणपण बाजूला ठेवावं लागतं. नाहीतर बजावणीच्या साध्या शेऱ्यातून वारसांना ‘आमच्या आजोबांचा इथे अंमल होता’ असं ऐकू येतं.

‘इख्तियार’ त्या मानाने सरळ. तो आपल्या ‘अखत्यारी’त जसाच्या तसा बसला. त्याचाच सोयरा ‘मुख्तार’. मुख्तारनामा म्हणजे आजचं मुखत्यारपत्र. ज्याच्या नावे तो लिहिला त्याला दुसऱ्यासाठी सही करता येते, खटला चालवता येतो. जमीन त्याची होत नाही. हे समोरच्याला समजावताना आवाज मुद्दाम खाली ठेवावा लागतो, कारण तीन पिढ्यांची समजूत त्या एका शब्दावर उभी असते.

बळ आणि सत्तेचा गुंता फक्त आपल्याकडे नाही. इटालियनमध्ये ‘पोतेरे’ हा एकच शब्द नाम म्हणून सत्ता आणि क्रियापद म्हणून ‘शकणे’. तो इंग्रजीत नेताना दोन वेगळे शब्द घ्यावे लागतात. मराठीत ‘शक्ती’ आणि ‘शकणं’ एकाच धातूची लेकरं, त्यामुळे आपल्याला तो जवळचा वाटावा. महसुली दप्तराला मात्र हे नातं मान्य नाही. शेतात औत घालू शकणारा, पीक काढू शकणारा, प्रसंगी काठी उगारू शकणारा माणूस मालक असेलच असं नाही. बळ एका रकान्यात आणि हक्क दुसऱ्यात. भाषांतरात हे रकाने एक झाले, की कज्जा उभा राहतो.

सत्ता लीन शब्दांतही बसलेली असते. अर्जाखाली अर्जदार स्वतःला ‘फिदवी’ म्हणवतो, म्हणजे जीव ओवाळून टाकणारा. वर ‘सरकार-ए-आली’ असतं. ‘फिदवी’चं ‘आपला नम्र अर्जदार’ केलं तर मराठी सफाईदार होते आणि रयतेचा नागरिक होऊन जातो. मी फिदवी तसाच ठेवतो, शेजारी अर्थ देतो. खरेदीखतातलं ‘बिला जब्र व इकराह’, म्हणजे कुणाच्या जोरजबरदस्तीशिवाय, हेही तसंच. ते ठरीव वाक्य. त्यावरून व्यवहार राजीखुशीचा होता असं ठरत नाही आणि जुलमाचा होता असंही नाही. म्हणून त्याला ‘अत्यंत आनंदाने’ अशी झालर लावायची नाही.

शिकस्ता या उर्दूच्या भरभर लिहायच्या वळणात कारकून घाईत नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, गाळतात. ‘कुव्वत’ आणि ‘फौत’ यांच्यात फरक पहिल्या अक्षरावरच्या नुक्त्यांचा: दोन असतील तर बळ, एक असेल तर मृत्यू. नुक्ते नसले की दोन्ही शब्द डोळ्यांना एकच. वारसाच्या नोंदीत बहुधा ‘फौत’च असतो, पुढे मुलांची नावं आली, की खात्री पटते. संदर्भाने निकाल लागला नाही तर मी दोन्ही वाचनं लिहितो, कारणांसह.

हे पाहून काही जण नाराज होतात. कागदाचं वजन वाढेल असं मराठी त्यांना हवं असतं. प्रतिपक्षाला अर्थात उलटं. दोघांनाही तेच उत्तर: कागदात जेवढा जोर आहे तेवढाच उतरेल. त्याचं पुढे काय करायचं ते तहसीलदार आणि न्यायालय पाहतील.