गिरणीच्या नावाचा संघ

लाकडाच्या लगद्याचा ताव हातात घेतला की तो कागदासारखा वाटत नाही. पांढराशुभ्र, जाड, टीपकागद आणि पुठ्ठा यांच्या मधलं काहीतरी. 2012 च्या जानेवारीत स्वीडनमधल्या डोमश्यो गिरणीत असा एक ताव मी पहिल्यांदा चाचपून पाहिला. आदल्याच वर्षी ती गिरणी आदित्य बिर्ला समूहाने घेतली होती. मी धाग्याच्या धंद्यातला माणूस. या लगद्यापासून व्हिस्कोसचा तंतू होतो, तंतूचं सूत होतं आणि त्यातलं काही रेयॉन म्हणून आपल्या भिवंडीच्या मागावर चढतं, एवढं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की त्या गिरणीच्या नावाने एक आइस हॉकीचा संघ खेळतो आणि तिथे येणाऱ्या पाहुण्याला लगदा दाखवून झाल्यावर संध्याकाळी सामन्याला नेतात.

गावाचं नाव एर्नशोल्ड्सविक. तिथले लोक नुसतं एविक म्हणतात. स्टॉकहोमच्या उत्तरेला पाचशेहून अधिक किलोमीटर, बोथनियाच्या आखाताच्या काठावर, वस्ती तीस-बत्तीस हजार. संघाचं नाव मोडो. 'मो' आणि 'डोमश्यो' या दोन ठिकाणांवरून लाकडाच्या कंपनीचं नाव पडलं होतं, मो ओक डोमश्यो, म्हणजे मो आणि डोमश्यो. त्याचंच ते लघुरूप. तिकडच्या तोंडी ते 'मूडू' असं ऐकू येतं.

मला घरी नेणारे गृहस्थ गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या लहानपणीचा मोडो त्यांनी मला गाडीत बसल्या बसल्या सांगितला. क्लब 1921 चा, तेव्हा नाव आल्फ्रेड्सहेम. ती गिरणीकामगारांची वस्ती. 1963 मध्ये कंपनीचं नाव क्लबला लागलं आणि पुढच्याच वर्षी केंपेहालेन हे बंदिस्त मैदान उभं राहिलं. केंपे हे कंपनीचं मालक घराणं. बर्फ पडला की खेळायचं आणि वितळला की थांबायचं, हा काळ तिथे संपला. पाळी सुटली की माणसं घरी जाऊन जेवायची आणि तशीच केंपेहालेनला यायची. कोटांना गिरणीचा वास असायचा, सल्फाइटचा, आंबूस. तो वास सगळ्यांच्याच कोटांना, त्यामुळे कुणाला वेगळा म्हणून येत नसे, असं ते म्हणाले.

हे ऐकताना मी लालबागला पोचलो होतो. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात होते. गिरण्यांचे कबड्डीचे संघ होते आणि चांगली चढाई करणाऱ्या पोराला त्या जोरावर खात्यात चिकटवून घेत. वडील स्वतः खेळत नसत, पण भोंगा झाल्यावर मैदानाच्या कडेला उभे राहून गिरणीच्या पोरांची नावं घेऊन ओरडत. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर संघही गेले. एविकला मात्र उलटं झालं. मो ओक डोमश्यो हे नाव 2000 साली उद्योगातून नाहीसं झालं, कंपनी होल्मेन झाली. नाव राहिलं ते फक्त संघाच्या जर्सीवर. लाकडाच्या त्या कंपनीची आठवण हजारो माणसं आता दर आठवड्याला घसा फोडून काढतात, आणि त्यातल्या निम्म्या पोरांना ती कंपनी होती हेही माहीत नसेल.

जुन्या मोडोबद्दल मला सगळ्यात अचंबा वाटतो तो माणसांचा. 1979 मध्ये जुर्गार्डनला हरवून या गावाने पहिल्यांदा देशाचं अजिंक्यपद घेतलं. त्याआधीच, 1974 मध्ये, गावचा अँडर्स हेडबर्ग कॅनडातल्या विनिपेगला खेळायला गेला होता, आणि वाट पडली. 1973 च्या जुलैमध्ये दहा दिवसांच्या अंतराने या एकाच गावात दोन मुलं जन्माला आली, पीटर फोर्सबर्ग आणि मार्कुस नेसलुंड. 1980 च्या सप्टेंबरमध्ये हेन्रिक आणि डॅनियल सेडिन हे जुळे, 1990 मध्ये व्हिक्टर हेडमन. हॉकी जाणणाऱ्या कुणालाही ही नावं सांगा, तो खुर्चीत सावरून बसेल. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावातून सतरा-अठरा वर्षांत पाच कसोटीपटू निघावेत आणि पाचही जगातल्या पहिल्या ओळीतले असावेत, तसं हे.

1994 च्या लिलेहॅमर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टीवर गेला. फोर्सबर्ग गोलरक्षकाला एका बाजूला ओढत नेत गेला आणि एका हाताने काठी मागे लांबवून पक दुसऱ्या बाजूने आत सरकवला. स्वीडनचं हॉकीतलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. पुढच्या वर्षी त्या क्षणाचं टपाल तिकीट निघालं. त्या हिवाळ्यात तो मोडोकडूनच खेळत होता. पण त्याच वर्षी मोडो देशाच्या अंतिम फेरीत मालमोकडून हरला. मग तो कॅनडातल्या क्वेबेकला गेला. इथला लाकूडफाटा बंदरातून बाहेर जायचा, तशी मुलंही जायची. तयार झाली की बाहेर.

एकदाच सगळी परत आली. 2004-05 मध्ये टाळेबंदीमुळे उत्तर अमेरिकेतली हॉकी लीग अख्खा हंगाम बंद राहिली, तेव्हा फोर्सबर्ग, नेसलुंड आणि सेडिन बंधू केंपेहालेनमध्ये एकत्र उतरले. दिवाळीला सगळे भाऊ एकदम घरी यावेत तसं गाव झालं होतं, हे माझे शब्द. त्या गृहस्थांनी नुसती मान हलवली आणि गाडी हळू केली. अजिंक्यपद मात्र तेव्हा मिळालं नाही. ते आलं 2007 मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी, लिंशपिंगला अंतिम मालिकेत 4-2 असं हरवून, आणि तेही त्या चौघांतला एकही नसताना. कर्णधार पेर स्वार्टवाडेट, गोलमध्ये स्लोव्हाकियाचा करोल क्रिझान. बंदराजवळच्या नव्या मैदानातला तो पहिलाच हंगाम.

मी 2012 ला पाहिला तो मोडो या नव्या मैदानातला. वरच्या श्रेणीतला, भरल्या घरासारखा. आपण कधी खाली जाऊ, हे तेव्हा कुणाच्या मनातही नसावं.

2016 च्या वसंतात गेले. लेक्सांडविरुद्ध सात सामन्यांची मालिका, सातव्यात हार, आणि मोडो दुसऱ्या श्रेणीत. सात वर्षं तिथेच काढली. 2023 मध्ये जुर्गार्डनला हरवून पुन्हा वर चढले, दोन हंगाम टिकले आणि 2025 मध्ये पुन्हा उतरले.

त्या शरद ऋतूत मी पुन्हा एविकला गेलो. मैदानाचं नाव बदललं होतं. आधी ते बँकेच्या नावाने होतं, मग कोल्ह्याचं चिन्ह असलेल्या सॅक बनवणाऱ्या गावच्याच कंपनीच्या, आणि आता चिलखती वाहनं बनवणाऱ्या हेग्लुंड्सच्या. हीसुद्धा गावचीच. पाहुणे संघ आता मोठ्या शहरांचे कमी, व्हिमरबी, नीब्रो, काल्मार असे. उमिओचा ब्योर्कलोव्हेन तेवढा शंभरेक किलोमीटरवरचा शेजारी, त्या दिवशी गाव पूर्वीसारखं लगबगतं म्हणे. दुसरी श्रेणी म्हणजे खालचा दर्जा, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात ती लांब बसप्रवासांची, बावन्न सामन्यांची, घासून खेळायची श्रेणी आहे, आणि मोडोला हरवणं हा तिथल्या प्रत्येक लहान गावाचा वर्षाचा आनंद असतो. हे ओझं 1979 च्या संघावर नव्हतं.

मला तरी जुना काळ निखालस बरा होता असं म्हणवत नाही. केंपेहालेनमध्ये त्या गृहस्थांच्या बहिणी फक्त बघायला जात. आता त्यांची नात खेळते.

शनिवारी सकाळी तिला घेऊन आम्ही मैदानावर गेलो. सात वर्षांची पोर. खेळण्यापेक्षा तयार होण्यालाच वेळ लागतो: नडगीचं कवच, कोपराचं कवच, मोजे, त्यावर चिकटपट्टी, मग स्केट. आजोबा बाकासमोर गुडघ्यावर बसले. एका पायाची नाडी त्यांनी ओढली, पण दुसऱ्यापर्यंत बोटांतला जोर संपला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बसलो. मेण दिलेली पॉलिएस्टरची नाडी, विणीची. हात लावताच कळलं. खालच्या भोकापासून एकेक पेड ताणत वर आलो आणि गाठ मारणार, तोच पोरीने पाय आपटला.

"अजून घट्ट," आजोबांनी तिचं म्हणणं मला सांगितलं.

मी सोडून पुन्हा खालपासून ओढायला लागलो.