डोंगराने नेलेली

नॉर्वेजियन भाषेत ‘बेर्गतात’ असा एक जुना शब्द आहे. डोंगराने नेलेला किंवा नेलेली, हा त्याचा सरळ अर्थ. त्या देशाच्या लोकसमजुतीनुसार डोंगरांच्या पोटात एक अदृश्य जमात नांदते. उंच कुरणावर गुरे राखायला गेलेली मुलगी तिन्हीसांजेला वाट चुकते, कोणीतरी गोड आवाजात तिला साद घालते, कड्यात दार उघडते, ती आत जाते आणि दार मिटते. कोकणातल्या माणसाला यात फारसे नवल वाटणार नाही. आपल्याकडे रानात चकवा लागतो आणि वाटसरू रात्रभर एकाच झाडाभोवती फिरत राहतो. फरक इतकाच की चकव्यात सापडलेला उजाडताच सुटतो. डोंगराने नेलेली मुलगी आपोआप सुटत नाही. तिच्यासाठी गावकऱ्यांना चर्चची घंटा वाजवावी लागते. घंटेचा नाद कड्यापर्यंत पोचला की डोंगराची पकड ढिली होते, अशी श्रद्धा. काही कथांत तर घंटा मनोऱ्यावरून उतरवून डोंगराच्या पायथ्याशी वाहून नेल्याचे सांगितले आहे. कधी माणूस परत येतो. कधी घंटा मध्येच थांबते आणि तो कायमचा आतच राहतो. परत आलेलाही पुष्कळदा पूर्वीसारखा राहत नाही, असे त्या कथा सांगतात.

१९९४ च्या अखेरीस ओस्लो शहरातील काही तरुण याच कथेचा अल्बम ध्वनिमुद्रित करीत होते. त्यांच्या समूहाचे नाव ‘उल्वेर’, म्हणजे लांडगे. गायक क्रिस्तोफर रिग तेव्हा अठरा वर्षांचा होता. हा त्यांचा पहिलाच अल्बम. नाव ‘बेर्गतात’, उपशीर्षक ‘पाच प्रकरणांतील एक परीकथा’. १९९५ च्या आरंभी तो एका लहानशा कंपनीने प्रसिद्ध केला.

ज्या संगीतप्रकारात हा अल्बम मोडतो त्याला ब्लॅक मेटल म्हणतात. आपल्या घरांत हे नाव बहुधा नातवंडांच्या तोंडून प्रथम ऐकू येते आणि मोठ्यांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी अगदीच अकारण नसते. या संगीतात विजेच्या गिटारची तार अतिवेगाने, अखंड कोरली जाते. ढोल त्याहून वेगाने वाजतात. गायक गात नाही, किंचाळतो. ध्वनिमुद्रण पुष्कळदा हेतुपुरस्सर कच्चे, खरखरीत ठेवलेले असते. प्रथम ऐकणाऱ्याला हा निव्वळ गोंगाट वाटतो. मात्र काही कलावंतांनी याच सामग्रीतून वेगळी वाट काढली. त्यांनी रचना लांबवल्या, एकच स्वरसमूह पुनःपुन्हा फिरवला, त्यावर घुमारा चढवला. वेगाने वाजणारे सूर मग एकमेकांत विरघळतात आणि जोरात फिरणाऱ्या भोवऱ्याप्रमाणे स्थिर भासू लागतात. धुके, हिवाळा, दाट अरण्य यांचा भास होतो. म्हणूनच या उपप्रकाराच्या नावाला ‘वातावरणप्रधान’ असे विशेषण लागले. तंबोऱ्याच्या झंकारात बसण्याची सवय असलेल्या कानाला यातील स्थिरता ओळखता येईल, किंकाळीपलीकडे जाण्याइतका धीर मात्र त्याला धरावा लागेल.

तथापि आठी पडण्याचे खरे कारण आवाज नव्हे.

बर्गन शहराजवळ फांतोफ्त येथे एक लाकडी चर्च उभे होते. सोग्न प्रांतातील फॉर्तून येथे ते इसवी सन ११५० च्या सुमारास बांधले गेले. एकोणिसाव्या शतकात ते पाडले जाण्याची वेळ आली, तेव्हा एका गृहस्थाने ते विकत घेतले आणि १८८३ मध्ये एकेक तुळई सुटी करून फांतोफ्तला पुन्हा उभारले. जीर्णोद्धाराचे मोल जाणणाऱ्या समाजाला त्या गृहस्थाची धडपड वेगळी समजावून सांगायला नको. ६ जून १९९२ च्या पहाटे हे चर्च पेटवून देण्यात आले. साडेआठशे वर्षे थंडीवाऱ्यात टिकलेले लाकूड काही तासांत राख झाले. पुढे आणखी चर्चे जळाली. ओस्लोतील होल्मेनकोलेनचे चॅपल त्याच वर्षीच्या ऑगस्टात गेले. या आगींशी ब्लॅक मेटल वाजवणाऱ्या तरुणांच्या एका वर्तुळाचा संबंध होता. ऑगस्ट १९९३ मध्ये त्याच वर्तुळातील एका वादकाने दुसऱ्या वादकाचा भोसकून खून केला. मे १९९४ मध्ये न्यायालयाने त्याला खून आणि काही चर्चांची जाळपोळ यांबद्दल दोषी ठरवून एकवीस वर्षांची शिक्षा दिली. नॉर्वेच्या तेव्हाच्या कायद्यातील ती सर्वांत मोठी मुदत होती. त्याचे नाव येथे मुद्दामच दिलेले नाही. नावाचा गाजावाजा हीसुद्धा त्या कृत्यांमागची एक भूक होती आणि ती भागवण्याचे काम जगभरच्या वृत्तपत्रांनी पुरेसे केले आहे.

हे तरुण दरिद्री नव्हते, निरक्षरही नव्हते. सुखवस्तू, सुरक्षित देशातील शाळा शिकलेली मुले ती. क्रोध आणि मान या दोन कषायांना उपाशी पोटाची गरज लागत नाही, हे आपल्या आचार्यांनी फार पूर्वी ओळखले होते. यशाच्या शिखरावरच्या घरातही मूल शांतपणे आपल्या खोलीत बसून डोंगरात शिरू शकते, आणि आईवडिलांना खोलीचे दार तेवढे मिटलेले दिसते.

खटल्याचा निकाल लागून अवघे काही महिने झाले असता उल्वेरचे तरुण ध्वनिमुद्रणाला बसले. ते या वर्तुळापासून दूर कोठे वाढलेले नव्हते. याच शहरातले, याच संगीतातले, बहुतेकांना ओळखणारे असे ते होते. १९९३ मध्ये त्यांनी ‘वार्गनात’ नावाची नमुना कॅसेट काढली होती. त्या काळी अशा कॅसेटी टपालाने देशोदेशी जात. एकमेकांना कधी न भेटलेली मुले पाकिटातून संगीताची देवाणघेवाण करीत. कॅसेटीनंतर समूहातील बरेचसे वादक बदलले. राहिलेल्यांनी आणि नव्याने आलेल्यांनी मिळून पहिल्या अल्बमसाठी जे निवडले, ते त्या क्षणी सोपे नव्हते. बाहेर जग त्यांच्याकडून आणखी आग, आणखी द्वेष यांची अपेक्षा करीत होते. वृत्तपत्रांना तेच हवे होते आणि विक्रीही त्याचीच झाली असती. धंद्याच्या साध्या हिशेबाने पाहिले तर बदनामी हे तेव्हा या मुलांच्या हाती आलेले फुकटचे भांडवल होते. त्यांनी ते या कामात गुंतवले नाही.

त्यांनी आजीच्या गोष्टी काढल्या. एकोणिसाव्या शतकात आस्ब्यर्नसेन आणि मू या दोघांनी नॉर्वेच्या खेड्यापाड्यांतून लोककथा गोळा केल्या होत्या. त्याच परंपरेतील ही वाट चुकलेल्या मुलीची कथा. भाषाही आजची घेतली नाही, जुन्या डॅनिश वळणाची घेतली. आपल्याकडे एखाद्या विशीतल्या मुलाने महानुभावांच्या गद्याच्या वळणावर पदे रचावीत, तसा तो प्रकार. आणि सर्वांत मोठे धाडस गायनात केले. कर्कशपणा हाच निष्ठेचा पुरावा मानणाऱ्या मंडळींसमोर रिग किंचाळण्याबरोबर सरळ गायलाही. आपलाच आवाज थरावर थर मुद्रित करून त्याने मठातील समूहगायनासारखा गंभीर नाद उभा केला. त्याला जोड मिळाली साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारीची, बासरीची, पियानोची. चर्चे जळत असलेल्या देशात या संगीतातून प्रार्थनेसारखा स्वर उमटला, हे त्या मुलांच्या कितपत ध्यानात आले असेल?

पाच प्रकरणे, एकूण सुमारे पस्तीस मिनिटे. एका सामायिकाहून थोडा कमीच वेळ. पहिल्या प्रकरणात मुलगी राक्षसांच्या अरण्यात वाट चुकते. दुसऱ्यात सूर्य डोंगरामागे बुडतो. आरंभीची बासरी इतकी कोवळी की पुढे काय येणार याची कल्पनाही येऊ नये. तिसऱ्यात करड्या नजरा आपल्यावर रोखल्या आहेत हे तिला जाणवते, आणि वाद्ये मध्येच थांबून रानातून चालणारी पावले तेवढी ऐकू येतात. चौथ्या प्रकरणात तिला साद घातली जाते.

हे चौथे प्रकरण नीट ऐकण्यासारखे आहे. गोंगाटाने भरलेल्या अल्बममध्ये प्रलोभनाचा क्षण येतो तेव्हा ढोल नाहीत, किंकाळी नाही; हळुवार गिटार आणि मायेने बोलावणारा आवाज. मोहाचे स्वरूप या पोरसवदा कलावंतांनी अचूक हेरले होते. मोह ओरडत येत नाही. तो आपल्याला नावाने हाक मारतो, आपल्याइतके तुला कोणी समजून घेत नाही असे सांगतो. ज्या मुलांनी आगी लावल्या त्यांनाही कोणी दरडावून नेले नव्हते. ओस्लोतील एका तळघरात, रेकॉर्डच्या दुकानात, समवयस्कांच्या कौतुकाच्या ऊबेत ती एकेक पायरी उतरली. पाचव्या प्रकरणात पुन्हा वादळ उठते आणि डोंगर मुलीला आत घेतो.

घंटा वाजत नाही. लोककथेत ज्या नादाने सुटकेची शक्यता निर्माण होते, तो या अल्बममध्ये कोठेच ऐकू येत नाही. कथा दाराच्या आतच संपते. याला उणीव म्हणावे असे प्रथम वाटते. पण पायथ्याशी उभ्या असलेल्या गावकऱ्यांना आतला आवाज कधी ऐकू येत नाही. त्यांना दिसतो तो नुसता कडा. या पस्तीस मिनिटांत ऐकणारा मुलीबरोबर आत जातो. बाहेरून जी किंकाळी विकृत वाटत होती, ती आतून भ्यालेल्या मुलीची म्हणून ऐकू येते.

पर्युषणात अंतगड सूत्राचे वाचन ऐकणाऱ्यांना येथे अर्जुनमाळी आठवल्यावाचून राहणार नाही. राजगृहीचा हा फुले विकणारा साधा माणूस. सहा गुंडांनी देवळात त्याच्यासमोर त्याच्या पत्नीवर अत्याचार केला. पिढ्यान्‌पिढ्या पूजलेला मुद्गरपाणी यक्ष काहीच करीत नाही, हा नुसता लाकडाचा ओंडका, असे त्याच्या मनात आले आणि त्याच क्षणी यक्ष त्याच्या अंगात शिरला. मग रोज सहा पुरुष आणि एक स्त्री असा संहार सुरू झाला. राजा श्रेणिकाने नगराबाहेर जाण्यास लोकांना मनाई केली. म्हणजे राज्यानेही दरवाजे मिटून घेतले. भगवान महावीर बाहेर उद्यानात आले तेव्हा दर्शनाला निघाला तो एकटा सुदर्शन श्रावक. मुद्गर उगारून अर्जुन धावून आला. सुदर्शनाने शस्त्र काढले नाही, पळ काढला नाही, उपदेशही केला नाही. सागारी संथारा घेऊन तो ध्यानात स्थिर उभा राहिला. मुद्गर पडेना. यक्ष निघून गेला आणि अर्जुन जमिनीवर कोसळला. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारले, आपण कोण, कोठे निघालात? आणि सुदर्शन त्याला बरोबर घेऊन गेला.

या कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. दीक्षा घेतलेला अर्जुन गोचरीला निघाला की लोक म्हणत, याने माझ्या बापाला मारले, याने माझ्या बहिणीला मारले. शिव्या, मार, रिकामे पात्र. सहा महिने त्याने ते समभावाने सोसले. डोंगरातून परतलेल्याला गाव सहज आत घेत नाही, हे राजगृहीतही खरे होते आणि नॉर्वेच्या कथांतही आहे.

उल्वेरच्या मंडळींनी पुढे निराळ्या वाटा धरल्या. १९९६ चा त्यांचा दुसरा अल्बम किंकाळी पूर्णपणे सोडून केवळ साध्या वाद्यांवर आणि समूहस्वरांवर उभा होता. १९९७ चा तिसरा मात्र इतका कर्कश की पहिल्याचे चाहतेही दचकले. त्यानंतर या प्रकारच्या संगीतातून ते जवळजवळ बाहेरच पडले. २०१३ मध्ये त्यांनी ट्रॉम्सो शहराच्या वाद्यवृंदासह केलेली दीर्घ रचना प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘मेस्से’. चर्चमधील प्रार्थनाविधीला नॉर्वेजियन भाषेत हाच शब्द आहे.

फांतोफ्तचे चर्चही पुन्हा उभे राहिले. मूळच्या घडणीबरहुकूम लाकूड कापून, सांधे जुळवून १९९७ पर्यंत ते पूर्ण झाले. छपरावर पूर्वीसारखीच व्याळांची मुखे आहेत. उन्हाळ्यात प्रवासी येतात, छायाचित्रे घेतात. इमारतीभोवती आता एक उंच कुंपण आहे.