आमच्या घराची पुराची तयारी

माझे गाव कृष्णा नदीच्या काठी आहे. ते कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या खालच्या अंगाला आहे. आमच्या घरात आबा, आज्जी, बाबा, आई, माझा लहान भाऊ आणि मी अशी सहा माणसे आहोत. गोठ्यात दोन म्हशी, एक रेडी आणि एक शेळी आहे. गुरुजी म्हणाले, "भित्तिपत्रकासाठी आपल्या घरातले खरे लिहा, पुस्तकातले उतरवून काढू नका." म्हणून मी हे लिहीत आहे.

आमच्या वर्गात भिंतीवर नकाशा टांगलेला आहे. त्यात कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते आणि नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. म्हणजे एवढ्या नद्यांचे पाणी आमच्या गावावरून जाते. मला आधी वाटायचे, आपल्याकडे पाऊस थांबला की पाणी उतरणार. पण तसे नसते. आमच्याकडे ऊन पडलेले असते आणि वर घाटात धो धो पाऊस चालू असतो. धरणे भरली की पाणी सोडावे लागते. मग ते आमच्याकडे येतेच.

आमच्या घराच्या भिंतीवर बाबांनी रंगाने दोन रेघा ओढल्या आहेत. खालची रेघ २००५ सालच्या पुराची आहे. ती बाबांच्या गुडघ्याला लागते. वरची रेघ २०१९ सालच्या पुराची आहे. ती बाबांच्या छातीला लागते. माझ्या तर ती डोक्याच्या वर आहे.

२०१९ साली मी अगदी लहान होते. पुष्कळसे मला आज्जीने सांगितले आहे. ऑगस्ट महिना होता. पाणी रोज चढत होते. लोक सामान हलवायला लागले. पण आबा म्हणाले, "आरं, काय व्हत न्हाई. २००५ ला बी गुडघ्यापतोर आल्तं आन् उतारलं. त्येच्या वर पाणी येत नसतंय." आबांनी पुष्कळ पूर बघितले आहेत, म्हणून सगळ्यांनी त्यांचे ऐकले. पण त्या वर्षी सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे ४५ फूट म्हणजेच धोक्याची पातळी असते. आमच्या इथेही पाणी जुन्या रेघेला थांबले नाही.

पाणी रात्री घरात शिरले. लाईट गेली होती. बाबा धान्याची पोती माळ्यावर चढवत होते. आई मला घेऊन शेजारच्या काकांच्या स्लॅबवर गेली. आबांनी म्हशींची दावी विळ्याने कापली आणि त्यांना देवळामागच्या उंचवट्यावर हाकलत नेले. गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात रेडी बांधलेली होती. बाबांना वाटले, आबांनी सोडली असेल. आबांना वाटले, बाबांनी सोडली असेल. आज्जीला वाटले, दोघांपैकी कोणीतरी सोडली असेल. कोणीच सोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जवानांची बोट आली आणि आम्हांला घेऊन गेली. त्या रेडीच्या कपाळावर पांढरा टिळा होता, तेवढेच मला आठवते. आबा त्या रेडीविषयी कधी बोलत नाहीत. कोणी विषय काढला तर ते उठून वैरणीकडे जातात.

२०२१ साली जुलै महिन्यात परत पूर आला. त्या वेळी आम्ही जनावरे घेऊन वेळेवर निघालो. पण घाईत आज्जीच्या बी.पी.च्या गोळ्या आणि रेशनकार्ड घरातच राहिले. आज्जीला तीन दिवस गोळी मिळाली नाही. तिला चक्कर येऊन ती पडली. आई रडायला लागली. तेव्हा बाबा म्हणाले, "दर वेळी काहीतरी राहतंय. आता घरी गेल्यावर सगळं लिहूनच काढायचं."

पाणी उतरल्यावर आधी चिखल काढला. बाबांनी काठीने सगळे कोपरे हलवून बघितले, कारण पुरानंतर घरात साप असतात. मग एका रात्री जेवण झाल्यावर सगळे बसलो आणि कोणी काय करायचे ते ठरवले. तो कागद आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

बाबांनी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, पासबुक आणि सातबाऱ्याचा उतारा ठेवला. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबरही एका वहीत लिहून त्यात ठेवले. पंचनाम्याच्या वेळी ते लागतात. आज्जीच्या आठ दिवसांच्या गोळ्या डब्यात असतात. त्या जुन्या झाल्या की आई बदलते. बॅटरी, काडेपेटी, मेणबत्त्या, चिरमुरे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, साखर आणि मीठ झाकणाच्या पिंपात असते. निघताना लाईटचे मेन बटण बंद करणे आणि गॅसचे बटण बंद करून टाकी दोरीने बांधणे हे आईचे काम. टाकी बांधली नाही तर ती पाण्यावर तरंगत जाते. पूर आल्यावर विहिरीचे पाणी खराब होते, म्हणून पाणी उकळूनच प्यायचे. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यायचे. चमचा चहाचा घ्यायचा. हे गुरुजींनी शिकवले आहे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आणि मदतीचा नंबर ११२ दारावर खडूने लिहिला आहे. तो माझ्या भावालाही पाठ आहे.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट आबांनीच सांगितली. ते म्हणाले, "भिताडावरची रेघ बघत बसायचं न्हाई. घर बुडायच्या आदी वड्याचा पूल बुडतोय." हे खरे आहे. आमच्या गावातून बाहेर जायचा रस्ता ओढ्यावरून जातो. तो पूल घरापेक्षा खाली आहे. पूल बुडला की मग बोटीशिवाय निघता येत नाही. २०१९ साली ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आता असे ठरले आहे की शेतातल्या म्हसोबाच्या पायरीला पाणी लागले की जनावरे ट्रॉलीतून आत्याच्या गावी माळावर पाठवायची. ओढ्याचे पाणी पुलाच्या खांबांच्या निम्म्यावर आले की माणसांनी निघायचे. रात्र पडायची वाट बघायची नाही.

त्या कागदावर माझे नाव शेवटी आहे. माझे काम दावी सोडण्याचे. आबा आता जनावरांना एका ओढीत सुटेल अशीच गाठ मारतात. ती मला त्यांनी शिकवली. विळाही गोठ्यात खुंटीला अडकवलेला असतो, पण मी त्याला हात लावायचा नाही. पाणी येऊ लागले की एकटीने गोठ्यात जायचे नाही, आबांबरोबरच जायचे, असेही लिहिले आहे.

२०२४ साली जुलै महिन्यात पुन्हा पाणी चढले. म्हसोबाच्या पायरीला पाणी लागले तेव्हा गावात ऊन होते. बाबांनी ट्रॉली आणली. काही लोक हसले. म्हणाले, "आत्ताच कुठं चाललाय? पाणी अजून शेतात बी नीट आलं न्हाई." मला लाज वाटली. आबांनी काही उत्तर दिले नाही. आम्ही दोघे गोठ्यात गेलो. मी आधी आतल्या कोपऱ्यातल्या रेडीची गाठ ओढली, मग म्हशींची, मग शेळीची. आबांनी दारातून विचारले, "सगळी सोडलीस?" मी म्हणाले, "सगळी सोडली." तरी आबा स्वतः आत आले. त्यांनी चारही खुंट्यांना हात लावून बघितले आणि मगच बाहेर पडले.

त्या वर्षी पाणी आमच्या पायरीपर्यंत आले आणि उतरले. घरात शिरले नाही. परत आल्यावर शेजारचे काका म्हणाले, "तुमचा हेलपाटा फुकट गेला की!" तेव्हा आबा म्हणाले, "फुकट गेला त्येच बरं झालं. दर साली फुकट जाऊ दे." आज्जी हसली. मलाही हसू आले. त्यानंतर काकांनी आमचा कागद बघायला मागितला आणि आता त्यांच्याही घरी तसा कागद आहे.

माझ्या वर्गमित्रांनो, तुमच्या घरी असा कागद नसेल तर आज घरी गेल्यावर आईबाबांना सांगा. त्यावर नुसते सामान लिहू नका. कोणते काम कोणी करायचे त्याचे नाव लिहा. नाव लिहिले नाही तर प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केले असेल. शाळा बघायला आलेल्या पालकांनाही माझी विनंती आहे की त्या कागदावर आम्हां मुलांनाही एकेक काम द्यावे. आम्ही ते विसरत नाही.

इयत्ता चौथी