इस्राएल की इस्रायल?

कुंभकोणम,
रविवार, संध्याकाळ

चि. भाचीस,

पत्र पोचलं. प्रार्थनागटातल्या ताई म्हणतात, इस्रायलच्या पाठीशी उभं राहणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्यच. पाळकसाहेब म्हणतात, राजकारण देवळाबाहेर ठेवा. शास्त्र कोणाच्या बाजूचं, हा तुझा प्रश्न.

आधी एक अक्षरांची गंमत बघ. मराठी पवित्र शास्त्रात 'इस्राएल' असतं, वर्तमानपत्रात 'इस्रायल'. इथं तमिळमध्येही तेच: वेदागमात 'इस्रवेल', पेपरात 'इस्रेल'. ही दोन नावं एकाचीच की दोघांची, यावरच सगळं भांडण चाललंय.

कुंभकोणमला पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत एक छोटी मंडळी भरते. तिथं भिंतीवर मेणकापडाचा तक्ता टांगलाय. डावीकडे एदेन बाग, उजवीकडे नवं आकाश, मधे साखळीच्या कड्यांसारखी सात वर्तुळं: निष्पापपण, सदसद्विवेक, मानवी सत्ता, वचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य. सहाव्या वर्तुळातून एक बाण सरळ वर जातो. तो मंडळीचा, ढगांत प्रभूला भेटायला. खाली महासंकटाची सात वर्षं, आणि त्यानंतर हजार वर्षांचं राज्य, यरुशलेमेतून. बाणाचा रंग विटलाय, कारण शिकवणाऱ्याची छडी नेमकी तिथंच टेकते.

ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमधल्या धर्मगुरूची, १८३०च्या दशकातली. देवाच्या दोन प्रजा आहेत: मंडळी स्वर्गाची, इस्राएल पृथ्वीचं. अब्राहामाला दिलेलं भूमीचं वचन मंडळीच्या खात्यावर वळतं करता येत नाही, ते यहुद्यांचंच. पुढं अमेरिकेत सायरस स्कोफील्डनं १९०९ साली हीच शिकवण टिपांच्या रूपानं शास्त्राच्या त्याच पानावर, वचनांच्या खाली छापली. मूळ वचन कुठं संपलं आणि स्कोफील्ड कुठं सुरू झाला, हे साध्या वाचकाला कळेना. १९४८ साली इस्रायल राष्ट्र झालं तेव्हा अनेकांना तक्ता खरा ठरल्यासारखं वाटलं. हा तक्ता घेताना अजब तडजोडीही झाल्या. अन्य भाषा बोलण्याचं दान प्रेषितांच्या काळाबरोबर संपलं, असं या परंपरेतले बरेच जण शिकवत आले. पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी तक्ता घेतला आणि एवढं कलम गुपचूप वगळलं.

डार्बीच्या 'ब्रदरेन' पंथातही एकमत नव्हतं. प्लिमथच्या बेंजामिन न्यूटनचं म्हणणं होतं की मंडळीला महासंकटातून जावंच लागणार. १८४५मध्ये दोघांचं बिनसलं, १८४८पर्यंत सगळे ब्रदरेन दुभंगले. याची चाहूल एकाला आधीच लागली होती. अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हा एक्सिटरचा दंतवैद्य. व्यवसाय सोडून तो बगदादला गेला, १८३१च्या प्लेगमध्ये तिथं त्याची बायको वारली. १८३३ साली तो भारतात आला. याच तमिळ मुलखात तिरुनेलवेलीचा अरुलप्पन त्याच्याबरोबर काम करत होता. १८३६ साली, इंग्लंडहून पुन्हा भारताकडे निघताना, त्यानं डार्बीला एक लांब पत्र लिहिलं. तात्पर्य असं की जीवन सोडून मतांवर एकी उभी कराल, तर इतरांच्या चुका हुडकणं हीच तुमची ओळख होऊन बसेल. त्या पत्रात इस्राएलचा मुद्दा नव्हताच. तरी ताईंना आणि पाळकसाहेबांना ते दाखवायला हरकत नाही.

या बाजूच्या जुन्या मंडळ्यांना तक्ता परका वाटतो. त्रांकेबारला १७०६ साली उतरलेला मिशनरी झिगेनबाल्ग लूथरन, आणि लूथरनांच्या १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या सतराव्या कलमात मृतांच्या पुनरुत्थानाआधी पृथ्वीवर संतांचं राज्य येईल हे मत साफ नाकारलंय. कुंभकोणमचा कॅथलिक धर्मप्रांत १८९९चा. रोमची शिकवणही हजार वर्षांच्या ऐहिक राज्याला मानत नाही. मात्र 'यहुद्यांना देवानं टाकलं' असं बोलायला रोमनंच १९६५ साली बंदी केली. तक्ता नाकारायचा म्हणजे यहुद्यांना नाकारायचं, असं नाही. हे गटातल्यांना जरूर सांग. २००६ साली जेरुसलेमच्या चार चर्चप्रमुखांनी, त्यांत लूथरन बिशप मुनीब युनानही होते, ख्रिस्ती झायोनवाद, म्हणजे ताईंसारखी भूमिका, नाकारणारं निवेदन काढलं. पॅलेस्टाईनमधले ख्रिस्ती त्या तक्त्यात कुठल्याच वर्तुळात नाहीत.

आणि आपले 'शनिवार तेली'? अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, शब्बाथाला घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे. मिशनरी जॉन विल्सननं मुंबईत १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं ते त्यांच्यासाठीच. त्यांतले बरेच इस्रायलला गेले, आणि १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचं फर्मान काढलं. जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं. ऑगस्ट १९६४मध्ये तिथल्या संसदेनं, क्नेसेटनं, ते सर्वार्थानं यहुदी असल्याचा ठराव केला तेव्हा कुठं प्रकरण निवळलं. कोकणात पिढ्यानपिढ्या इस्राएल म्हणवणाऱ्यांना इस्रायलमध्ये तेच सिद्ध करावं लागलं! वर्तमानपत्रातलं नाव म्हणजेच शास्त्रातलं नाव, असं ताई इतक्या खात्रीनं म्हणतात तेव्हा मला ही माणसं आठवतात.

आता शास्त्राचं. पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय उघड. आजोबा नगरच्या मळ्यात रानबोरीवर उमराण बोरीचा डोळा भरायचे, ते तुला आठवत असेल: खाली रानटी खुंट, वर गोड जात. पौल नेमकं उलटं सांगतो, रानजैतुनाची फांदी चांगल्या झाडावर. हे निसर्गाविरुद्ध आहे असंही तोच म्हणतो. पाळकसाहेबांच्या बाजूचे म्हणतात, झाड एकच, मग प्रजा दोन कशा? ताईंच्या बाजूचे म्हणतात, तोडलेल्या मूळ फांद्या देव पुन्हा लावील असंही तिथंच लिहिलंय, म्हणजे इस्राएलचा हिशेब अजून मिटलेला नाही. मला दोन्ही पटतं. पण त्या अध्यायात सरहद्दी नाहीत, रणगाडे तर नाहीतच. आणि कलम केलेल्या फांदीनं मूळ फांद्यांपुढं बढाई मारू नये असं पौलानं आपल्यासारख्यांनाच बजावलंय.

आजोबांच्या शास्त्रात त्या पानावर पेन्सिलीनं काही लिहिलेलं आहे. अक्षर बारीक होतं, मला तेव्हा लागलं नाही. तुझ्या आईकडे ते पुस्तक असेल तर बघून कळव.

तुझा,
मामा