गावाची हजेरी

दिवाळीच्या आधी माळ्यावरचं सामान खाली काढलं, त्यात एक दोनशे पानी वही सापडली. खाकी कव्हर, कोपरे वाळवीनं खाल्लेले आणि वर माझ्याच अक्षरात, 'गावाची हजेरी, इयत्ता आठवी, 1986-87'. सून म्हणाली, "आई, ही रद्दीत टाकू का?" रद्दीच्या बाबतीत मी घरात आधीच बदनाम आहे, त्यामुळे मी काय उत्तर दिलं असेल ते नातेवाइकांना सांगायला नको.

त्या वर्षी मी आठवीला इतिहास शिकवत होते. सहल तेरला नेली होती. तेर म्हणजे तेरणेच्या काठचं, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं गाव. गोरोबाकाकांचं गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण हेच जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर असल्याचं लिहिलंय. तिथलं कापड भडोचच्या बंदरात जायचं. ते तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीटसाहेबांनी 1901 साली दाखवून दिलं.

मी हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगत होते. मुलं मात्र रमली ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंत. मणी, नाणी, भाजक्या मातीच्या बाहुल्या, खापरं. गावात सापडलेल्या वस्तू एका गावकऱ्यानं वर्षानुवर्षं गोळा करून जपल्या, आज तिथं त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय आहे. परतीच्या एसटीत एका मुलानं विचारलं, "बाई, आपल्या गावात असं काय आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या गावात मी नऊ वर्षं राहत होते!

मग ठरवलं, वर्गाची हजेरी घेतो तशी गावाची घ्यायची. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की चौदा मुलं आणि मी एकेक पेठ धरायचो. शिंप्याकडची टेप, फूटपट्टी, पेन्सिल. प्रत्येक वस्तूला क्रमांक. ती कुठे आहे, कशाची आहे, लांबी-रुंदी, कोणाच्या जागेत आहे, आज कशी आहे, तिला धोका कसला. शेजारी चित्र. घरातल्या वृद्ध माणसांना विचारून जे कळेल ते वेगळ्या रकान्यात, कारण ऐकलेलं आणि पाहिलेलं एकत्र लिहायचं नाही, हा आमचा नियम. दगडावरचा शेंदूर खरवडायचा नाही, अक्षरांवर खडू फिरवायचा नाही, हा दुसरा.

जुन्या गावठाणाला आपल्याकडे पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. पांढरी पांढुरकी का, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, शेण, पडक्या भिंतींची माती तिच्यात मुरलेली असते. म्हणूनच शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून नेतात, आणि मातीबरोबर आतली खापरं, मणीही जातात. आमच्या पांढरीच्या कडेला अर्धी टेकडी अशीच गेलेली होती. तीही वहीत आली, क्रमांक 9.

वर्षअखेरीला एकूण 63 नोंदी झाल्या. क्रमांक 17 ची वीरगळ माझी लाडकी. ओढ्यावरच्या मोरीजवळ पडलेली होती, बायका तिच्यावर धुणं धुवायच्या. खालच्या चौकटीत गाई आणि त्यांच्यासाठी लढणारा वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा करणारा तोच वीर, आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य. सगळी यादी सुवाच्य अक्षरात उतरवून मी गावच्या कचेरीत दिली. शिक्क्याची पोच मिळाली. मला वाटलं, काम झालं.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं. केंद्राचा कायदा 1958 चा, महाराष्ट्राचा 1960 चा. पण दोन्ही सांभाळतात ते सरकारनं रीतसर संरक्षित जाहीर केलेल्या वास्तू आणि जागा. 2010 च्या दुरुस्तीनं केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आली, तीही त्यांच्यापुरतीच. बाकीच्यांना आधार 1966 च्या नगररचना कायद्याचा. गावाच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू जपण्याची तरतूद करता येते. मुंबईनं 1995 साली वारसा नियमावली केली, श्रेणीवार यादी केली. म्हणजे मोठं शहर असो की आमचं गाव, सुरुवात यादीपासूनच. यादीत नाही त्याला वाली नाही.

पण यादीत असूनही जातं, हे मला 2009 साली कळलं. ओढ्याकाठचा रस्ता रुंद होत होता. मी रोज संध्याकाळी तिकडून फिरायला जायची. जेसीबी मोरीपाशी आलेला मी डोळ्यांनी पाहिला. मनात आलंही, सतरा नंबर तिथंच आहे. पण मग म्हटलं, कचेरीत यादी आहे की, बघतील ते. चार दिवसांनी गेले तर डांबर पडलेलं. विचारायला गेले, तर यादी कोणाला माहीतच नव्हती. पोच माझ्याकडे होती, यादी त्यांच्याकडे नव्हती.

कचेरीला दोष देऊन मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. पण खरं सांगायचं तर पंधरा मिनिटं थांबून मुकादमाला "हा दगड बाजूला ठेवा" म्हणाले असते तर तो ठेवला असता. बावीस वर्षांत मी ती यादी घेऊन एकदाही कचेरीची पायरी चढले नव्हते. रोज वर्गात हजेरी घेणारी बाई मी, आणि गावाची एकदाच घेऊन वही मिटून ठेवली.

एक मात्र बरं घडलं. 2016 साली बारव बुजवून तिथं गाळे काढायचं चाललं होतं. चौदातली एक मुलगी आता गावात किराणा दुकान चालवते. ती धावत घरी आली, "बाई, आपण पायऱ्या मोजल्या होत्या ना?" मोजल्या होत्या, क्रमांक 31. त्या पानाची झेरॉक्स घेऊन ती प्रत्येक नगरसेवकाच्या घरी गेली. मापासकट चित्र समोर आल्यावर "तिथं काही नव्हतंच" असं कोणाला म्हणता येईना. बारव वाचली. आता चैत्रात तिथं दिवे लावतात.

वही सापडल्यावर नातवाला घेऊन पुन्हा हजेरी घेतली. तो मोबाइलवर फोटो काढतो, नकाशावर जागा टिपतो. मी क्रमांक पुकारते. हजर 38. जागा बदललेले, कुठल्या देवळाच्या आवारात नाहीतर कोणाच्या अंगणात सापडलेले 9. गैरहजर 16. हजर असलेल्यांतही तिघांना कोणी भक्तिभावानं ऑइल पेंट फासलाय.

नवी यादी कचेरीत दिली, एक प्रत राज्य पुरातत्त्व खात्याकडे पाठवली. या वेळी पोच घेऊन घरी बसणार नाही. दर वर्षी सहलींच्या दिवसांत जाऊन विचारणार, यादी कुठे आहे म्हणून. माझे गुडघे थकले की नातू जाईल, तसं त्यानं कबूल केलंय.

तुमच्याही गावात पारावर, विहिरीच्या काठी, देवळामागे काही असेलच. एक वही घ्या आणि आपल्या गल्लीपासून सुरुवात करा. जमिनीत काही सापडलंच तर घरी नेऊ नका. दहा रुपयांहून जास्त किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, असा कायदा 1878 पासून आहे.

क्रमांक 17 पुढे मी अजून 'गैरहजर' लिहिलेलं नाही. डांबराखाली असेल तर आहेच की ती. कधीतरी रस्ता पुन्हा खणतील, तेव्हा कोणीतरी तिथं उभं असायला हवं. म्हणून त्या रकान्यात मोरीपासूनचं अंतर लिहून ठेवलंय, 11 फूट, उत्तरेला.

असो. फराळाला या.