घर पाहावे भाड्याने देऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले. परंतु या दोहोंच्या जोडीस तिसरे एक वाक्य घालावयाचे त्यांच्या हातून राहून गेले, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. घर बांधण्याची यातायात वर्षा-दोन वर्षांत आटोपते. लग्नाची धांदल तर चार दिवसांचीच; तिचे पुढील परिणाम हा निराळ्या निबंधाचा विषय होईल. पण घर भाड्याने दिले म्हणजे जे सुरू होते, त्यास समाप्ती अशी नाही. इंग्रजांची एक म्हण आहे, की मूर्खांनी घरे बांधावीत आणि शहाण्यांनी त्यांत राहावे. ज्याच्या वडीलधाऱ्यांनी घर बांधले, जो स्वतः त्यात राहतो आणि शिवाय त्यातल्याच काही खोल्या दुसऱ्यास देतो, त्याची गणना मूर्खांत करावयाची की शहाण्यांत, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. आम्ही त्या मधल्या वर्गातले.

घरमालक हा शब्द उच्चारताच वाचकांच्या डोळ्यांपुढे मुंबईची चार मजली चाळ उभी राहील. तिच्या धन्यापाशी वसुलीस मेहताजी असतो आणि भांडणास वकील. आमच्यासारख्या दोन बिऱ्हाडांच्या मालकास मेहताजी, वकील, पहारेकरी आणि प्रसंगी नळदुरुस्तीवाला या सर्वांच्या भूमिका एकट्यानेच कराव्या लागतात. पुण्याच्या सदाशिव पेठेतील आमचे हे घर आजोबांनी बांधलेले. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटून पूर आला तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कितीतरी मातीचे वाडे बसले. आमचे घर जरा उंचावर, म्हणून वाचले. पुढल्या बाजूस आम्ही, माडीवर एक बिऱ्हाड आणि मागल्या अंगणाकडील कौलारू दोन खोल्यांत दुसरे, असा आमच्या साम्राज्याचा विस्तार आहे.

या साम्राज्यातील प्रश्न बाहेरून क्षुल्लक दिसतात. जिन्यातला दिवा गेला, तर तो कोणी बदलावयाचा? पाण्याची मोटार सकाळी सहाला कोणी लावावयाची आणि कोणी विसरली म्हणावयाचे? भिंतीस खिळे ठोकण्याचा अधिकार भाड्यात समाविष्ट आहे काय? दोन बिऱ्हाडे आणि दुचाक्या पाच, त्यांपैकी तुळशीवृंदावनास टेकून कोणती राहावयाची? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर करारनाम्यात सापडत नाही, आणि तिन्ही घरांचे सौख्य मात्र त्यांवरच अवलंबून असते. मोरी तुंबली, तर ती नेमकी रात्री साडेदहा वाजता तुंबते. आणि भाडेकरूच्या तोंडी ‘तुमची मोरी’ असते, ‘आमची’ कधीच नसते. मालकीची इतकी निःशंक कबुली आम्हांस दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी मिळालेली नाही.

माडी रिकामी झाली, की शेजाऱ्यांची प्रश्नपत्रिका येते. येणार ते कोण? लग्न झालेले आहे ना? आडनाव काय? खाण्यापिण्याचे कसे? पुण्यात शिकावयास किंवा नोकरीस आलेल्या किती तरुणांस या चार प्रश्नांवर दारातूनच परत जावे लागते, हे अध्यापनाच्या निमित्ताने आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहो. आमची परीक्षा दोनच प्रश्नांची: भाडे वेळेवर येईल काय, आणि नळ आठवणीने बंद होईल काय. या परीक्षेस बसलेल्यांत जातीवरून किंवा ताटातल्या पदार्थावरून नापास झालेला उमेदवार आम्हांस अद्याप आढळला नाही. उलट ज्यांच्याविषयी शेजाऱ्यांनी पूर्ण खात्री दिली होती, त्यांनीच दोन वेळा टाकी वाहू दिली.

आता कायद्याकडे वळू. करार नेहमी अकरा महिन्यांचाच का करतात, असे आम्हांस विद्यार्थी विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने तो खर्च चुकविण्यास अकराचा आकडा सोयीचा पडे. पुढे महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने अकरा महिन्यांचा करारही नोंदविलाच पाहिजे असे ठरविले, आणि त्याची जबाबदारी मालकावर टाकली. पळवाट बंद झाली, अकरा महिने मात्र कायम राहिले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा.

परंतु याच कायद्याखाली आमच्या आवारात दोन निरनिराळी युगे नांदत आहेत. माडीवरचे जोडपे लिव्ह-लायसन्सने राहते आणि महिन्यास १४,००० रुपये देते. मागल्या खोल्यांतील काकूंचे भाडे आज सुमारे १०७ रुपये आहे. पाणी एका नळाचे, जिना-अंगण एक, पालिकेची घरपट्टी एक. या अंतराचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. घरांची टंचाई झाल्यामुळे मुंबई इलाख्यात १९१८ साली भाड्यांवर पहिले नियंत्रण आले. १९४७ च्या कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीस आणि नंतरच्यांची त्यांच्या पहिल्या भाड्यास बांधून टाकली. काही वर्षांसाठी केलेला हा कायदा मुदतीमागून मुदत वाढत पन्नास वर्षे चालला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. नव्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ देऊ केली. काकूंचे भाडे २००० साली ४० रुपये होते. त्यावर पंचवीस वेळा चार टक्के चढविले, की हे १०७ रुपये होतात.

काकूंचे सासरे १९५२ साली येथे राहावयास आले. काकू या अंगणात नववधू म्हणून आल्या, त्या आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. दर महिन्याच्या एक तारखेस त्या भाडे घेऊन येतात आणि पावती घेतल्यावाचून उठत नाहीत. “अरे, पैशाचं नाही, कागद हवा,” असे त्या म्हणतात. भाडे घेतले की पावती दिलीच पाहिजे, असा कायद्याचाही दंडक आहे, तेव्हा तक्रारीस जागा नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खोल्यांवरील छप्पर खचू लागले. वासे वाळवीने पोकळ केलेले, आढे वाकलेले. सुताराने आणि गवंड्याने मिळून दीड लाखाचा अंदाज दिला. दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी असे कायदा सांगतो, आणि मालकाने ती न केल्यास भाडेकरूने स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा अशीही सोय करतो. मात्र कोणत्याही वर्षी भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक वळते करता येत नाही. काकूंच्या बाबतीत हा चौथा हिस्सा वर्षास ३२१ रुपये होतो. या गतीने दीड लाख फिटावयास साडेचारशेहून अधिक वर्षे लागतील. शिवजन्माच्या वर्षी वळती सुरू झाली असती, तरी आज फेड पुरी झाली नसती.

हे गणित आमच्या एका परिचितांस सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “दुरुस्ती करताच कशाला? दोन पावसाळे थांबा. कोर्टाला वीस वर्षं लागतात ते काम पाऊस फुकट करतो.” या सल्ल्यात अतिशयोक्ती नाही. दरसाल पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका पेठांतील धोकादायक वाड्यांस नोटिसा लावते. त्यांपैकी किती वाडे वयाने खचले आणि किती वाट पाहून खचविले, हे नोटिशीवर लिहिलेले नसते. एकीकडे भाड्यात छपराची किंमत न धरणारा कायदा आणि दुसरीकडे छपराकडे पाठ फिरवून बसलेला मालक, या दोघांच्या मध्ये एखादी म्हातारी रात्री पातेल्यात ठिबकणारे पाणी ऐकत पडलेली असते. कायद्याची लढाई वकील लढतात. पावसाळा तिला काढावयाचा असतो.

आमच्या घरात या विषयावर दोन दिवस वाद झाला. सौभाग्यवतींनी निकाल दिला तो असा, की माडीचे भाडे याच घराने मिळवून दिलेले आहे, तेव्हा त्यावर पहिला हक्क याच घराच्या वाशांचा. आयकराचा कायदाही, घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातून, खर्च होवो वा न होवो, ३० टक्के सरसकट वजा करू देतो. म्हणजे सरकारनेही त्यातला काही भाग घराचाच मानलेला आहे. मृगाच्या आधी छप्पर नवे झाले. काकूंनी काम चालू असता सुतारास तीन वेळा चहा दिला आणि पाचव्या वाशाचे लाकूड कमी प्रतीचे असल्याचे आमच्या ध्यानात आणून दिले. काम पुरे झाल्यावर त्यांनी विचारले, “आता भाडं वाढवशील?” आम्ही सांगितले, “काकू, कायद्याप्रमाणे चार टक्के.” “मग पावतीवर तसं लिही,” इतकेच त्या म्हणाल्या.

पुढल्या वर्षी माडीवरचे जोडपे बंगळूरास गेले आणि आजचे आले. गेलेले सुशील होते. परंतु त्यांच्या आईवडिलांची नावे आम्हांस अखेरपर्यंत कळली नाहीत. ज्यास अकराव्या महिन्यात उठविता येते, तो शेजारी होण्यापूर्वीच उठून जातो. ज्यास उठविता येत नाही, तोच आपल्या घरची लग्ने आणि सुतके पाहतो. भाडेकरूस स्थैर्य देणाऱ्या कायद्याचे हे देणे आम्ही नाकारीत नाही. त्याने छपरापुरते भाडे मालकाच्या हाती राहू दिले असते, तर पेठांतील कितीतरी वाडे आणि त्यांतील कितीतरी काकू आज जागच्या जागी असत्या, इतकेच आमचे म्हणणे आहे.

ज्या वाचकांच्या मनात एखादी खोली भाड्याने द्यावयाची असेल, त्यांनी करार अवश्य नोंदवावा, वीजमीटरचा आकडा दोघांच्या सहीने लिहून ठेवावा आणि मिळणाऱ्या भाड्याचा चौथा हिस्सा निराळ्या खात्यात टाकावा. आणि वैशाख संपण्यापूर्वी एकदा शिडी लावून स्वतः माळ्यावर चढावे. तेथे काय चालले आहे, हे कोणत्याही करारनाम्यात लिहिलेले नसते.